रिकामी घंटी

आई, फोनवाले तुझ्याशी बोलायचंय म्हणत होते. तू गेलीस त्याला सोळा वर्षं झाली हे मी त्यांना तीनदा लेखी कळवलं, एकदा शांतपणे सांगितलं आणि एकदा ओरडून सांगितलं. तरी त्यांचं एकच म्हणणं: ज्या बाईच्या नावावर फोनचं कनेक्शन आहे तिनं स्वतः बोलावं. म्हणून हे पत्र लिहायला बसले. त्यांच्यासाठी नाही. त्यांना पत्र चालत नाही, त्यांच्या पडद्यावर पत्रासाठी रकानाच नाही. तुझ्यासाठी लिहितेय, कारण फोन वाजणं म्हणजे काय, हे आपल्या घरात तुझ्याइतकं कोणालाच कळलं नाही.

गोष्ट म्हटली तर एवढीशी. वर्ध्याजवळ पिपरी मेघेच्या घरातला आपला फोन बंद पडला. वायरवाला, स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर ठेवलेला, तू निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात घेतलेला. तुला हसू येईल, पण आता असा फोन घरात असणं म्हणजे घरात जातं असल्यासारखं आहे. पाहुणे येतात, त्याच्याकडे बघतात आणि विचारतात, "हा चालतो काय अजून?" सगळ्यांच्या हातात आपापला फोन आहे. चहाच्या कपाशी चौघं बसले की चौघांच्या माना खाली. माझ्या सभेत पहिल्या रांगेतले लोक हात वर करून बसतात. टाळीसाठी नाही, माझं भाषण टिपून घेण्यासाठी. मी तळमळून बोलत असते आणि समोर माणसांच्या तोंडांऐवजी काळ्या पाट्या असतात. घरी जाऊन ऐकू म्हणतात. कोणी ऐकत नाही, मला ठाऊक आहे. माझ्याकडेही दुसऱ्यांची भाषणं साठलेली आहेत.

तर हा म्हातारा फोन मी फक्त एका माणसासाठी ठेवला होता. मावशीसाठी. तुझी धाकटी बहीण आता ऐंशी ओलांडून गेली. आष्टीच्या घरात एकटीच राहते. डोळ्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. पण तू दिलेला तो बटणांचा फोन तिच्या खाटेशी आहे आणि पाचाच्या बटणावर तू चिकटवलेली टिकलीही आहे. म्हणजे ती टिकली कधीच झिजली, मावशी दरवर्षी चाचपून नवी लावते. त्या टिकलीवरून तिचं बोट वर-खाली, डावी-उजवीकडे जातं आणि एकच नंबर लागतो, आपल्या घरचा. रोज सकाळी सातला. "उठली काय वो?" एवढंच विचारते. मी उठलेली असते. मग काय खाल्लं, काल कोणाकोणाला शिव्या घातल्या, याची चौकशी होते आणि दोन मिनिटांत फोन ठेवते. ती जिवंत आहे हे मला कळतं, मी जिवंत आहे हे तिला कळतं. सरकारला माणूस हयात असल्याचे जेवढे दाखले लागतात, त्यातला एकही मला या दोन मिनिटांहून खरा वाटत नाही.

तुला वाटेल, माझा दुसरा नंबर तिला का दिला नाही. दिला. मोठ्या बटणांचा मोबाइलही नेऊन दिला. आठवडाभर तिला शिकवत होते. तो नंबर तिच्या डोक्यात जातो पण बोटात उतरत नाही. मधेच थांबते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते, नागपूरच्या कोण्या दुकानदाराला लावते आणि त्याचीच विचारपूस करत बसते. शेवटी मोबाइल डब्यात ठेवून म्हणाली, "मले एक नंबर येते, तो पुरे आहे. तुले मले दोन-दोन ठिकाणी भेटायचं आहे काय?"

लाइन मेली त्या सकाळी सातला घंटी वाजली नाही. सव्वासातला मी मोबाइलवरून तिला लावला. पहिल्याच घंटीला तिनं उचलला आणि चिडून म्हणाली, "काऊन उचलत नाई? केव्हाची लावून राह्यली."

"मावशी, माझा फोन बंद आहे. वाजलाच नाही."

"वाजला कसा नाई? मले ऐकू येते न घंटी. टर्रर्र, टर्रर्र. डोळे गेले माहे, कान नाई गेले."

आई, हे मला तेव्हा कळलं. आपली लाइन तुटलेली असते, आपल्या घरात मुंगीच्या पावलाएवढाही आवाज होत नाही, पण तिकडे फोन लावणाऱ्याच्या कानात घंटी वाजत राहते. यंत्र त्याला सांगत असतं की वाजतंय, थांबा, कोणीतरी येईल. सगळं खोटं. मी हे मावशीला पाच-सहा वेळा समजावलं. ती "बरं" म्हणाली. पण आंधळ्या माणसाला स्वतःच्या कानावर अविश्वास ठेवायला सांगणं सोपं नाही. मग मी ठरवलं की फोन दुरुस्त होईपर्यंत सातला मीच लावायचा. आणि तक्रार केली.

पहिली तक्रार यंत्राकडे. मराठीसाठी दोन दाबा. दाबलं. पुढचं सगळं हिंदीत. मग एक गोड आवाज म्हणाला की पडताळणीसाठी तुमच्या नोंदणीकृत दूरध्वनीवर आता एक कॉल येईल, तो उचला. नोंदणीकृत दूरध्वनी कोणता? तोच, मेलेला. मी मोबाइल कानाला लावून त्या स्टुलावरच्या फोनकडे बघत उभी. तो वाजणार नाही हीच तर माझी तक्रार होती. थोड्या वेळानं गोड आवाजानं सांगितलं की ग्राहकानं प्रतिसाद न दिल्यामुळे तक्रार बंद करण्यात येत आहे. वर विचारलं, आमच्या सेवेला किती तारे द्याल.

दुसरी तक्रार सरकारच्या तक्रारींच्या पोर्टलवर. तिथं माझा फोटो मागितला, बोटाचा ठसा मागितला, मृत्यूचा दाखला मागितला, आणि दाखला चढवल्यावर सांगितलं की दाखल्यातली व्यक्ती आणि तक्रारदार एकच असणं आवश्यक आहे. हा नियम कोणी लिहिला असेल, त्यानं लिहिल्यावर एकदा तरी मोठ्यानं वाचला असेल का? मी आयुष्यभर व्यासपीठावरून सांगत आले की नियम माणसांनी माणसांसाठी केलेला असतो, तो चुकला तर बदलता येतो, बदलायला लावता येतो. पण त्यासाठी समोर एक माणूस लागतो, ज्याच्या डोळ्यांत डोळे घालून विचारता येईल की हे काय आहे. आता समोर कोणीच नसतं. पूर्वी साहेब खुर्चीवर नसायचा, पण खुर्ची तरी असायची.

म्हणून मी फोन कंपनीच्या कार्यालयात गेले. एकच खिडकी उघडी होती. आत माझ्याच वयाची बाई, चष्मा साखळीला अडकवलेला. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कनेक्शन ज्याइच्या नावावर आहे त्याइलेच बोलावं लागते, मॅडम."

"त्या माझ्या आई होत्या. वारल्या."

"केव्हा?"

"सोळा वर्षं झाली."

तिनं चष्म्यावरून पाहिलं. "अन् कनेक्शन सुरूच? मंग असं करा, हे बंद करायचा अर्ज द्या. नवीन घ्या. आता वायर नाई मिळत, काचेची लाइन येते, फायबरची. नंबर नवा भेटन."

"नंबर हाच पाहिजे."

"तो नाई भेटत. सोळा वर्षांत नाव काऊन नाई बदलून घेतलं तुम्ही?"

आई, या प्रश्नाचं उत्तर साधं होतं. मी भाषण दिलं. खिडकीला पाठ करून रांगेतल्या लोकांकडे तोंड केलं आणि बोलले. नागरिक म्हणजे अर्ज नव्हे, सेवा म्हणजे उपकार नव्हे, जिवंत माणसाची दाद घ्यायला मेलेल्या माणसाला बोलावणारी ही व्यवस्था आहे की थट्टा आहे. चांगलं बोलले. रांगेनं टाळ्या वाजवल्या. एकानं टिपून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्या जिल्ह्यात फिरलं. आर्वीहून फोन आले, हिंगणघाटहून आले. "मॅडम, काय धुतलं तुम्ही!" त्याच दुपारी मोबाइलवर संदेश आला होता की आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे.

खिडकीतली बाई मात्र रागावली नव्हती. भाषण संपल्यावर हळूच म्हणाली, "मॅडम, तुमचं बोलणं मी याआधीही ऐकलं आहे, लेकीच्या कॉलेजात. मले पटते. पण माह्या हातात ही खिडकीच आहे. जो रकाना पडद्यावर नाई तो मी कुठून भरू?" मी कागद आवरले आणि निघाले.

परतताना तू ऑपरेटर होतीस ते टेलिफोन एक्स्चेंज डोळ्यांसमोर आलं. आष्टीचं, दोन खोल्यांचं. शाळा सुटली की मी तिथं यायची. तू बोर्डासमोर बसलेली आहेस, कानाला हेडफोनची पट्टी, पुढ्यात दोऱ्यांचा गुंता, आणि कोणी फोन उचलला की बोर्डावरचं एखादं झाकण टप्पकन पडतंय. तू दोरी खुपसतेस, नंबर विचारतेस, दुसरी दोरी खुपसतेस. दोन्हीकडची माणसं बोलायला लागली की तू बाजूला होतेस, कारण कोणाचं बोलणं ऐकायचं नाही हा नियम. पण घंटी किती वेळ वाजते यावर तुझा कान. कोणी उचलत नसेल तर तू लावणाऱ्याला तसं सोडत नाहीस. "डॉक्टर घरी नाईत भाऊ, आत्ताच बाजाराच्या अंगानं गेले. कापडाच्या दुकानात लावून पाहू काय?" आणि ते खरंच कापडाच्या दुकानात सापडतात. असं करायला तुला कोणत्या पुस्तकात सांगितलं होतं? कुठल्याच नाही. वरिष्ठ तपासणीला आले तेव्हा त्यांनी विचारलं होतं की ही चौकशी कशासाठी, नंबर लावायचा आणि मोकळं व्हायचं. तू म्हणालीस, "साहेब, रिकामी घंटी वाजू द्यायची नाई. तिकडं माणूस उभा राह्यते."

त्याच खोलीत मी तुझा मार खाल्ला. नऊ-दहा वर्षांची असेन. तू पाणी प्यायला मागे गेलीस, झाकण पडलं आणि मी पट्टी कानाला लावून तुझ्यासारखा आवाज काढला, "नंबर सांगा." तिकडून एक माणूस घाईघाईनं काहीतरी बोलला. मी "लावते" म्हणाले आणि हाताला लागली ती दोरी लागलं त्या भोकात खुपसली. फार मजा वाटली. तू आलीस, पाहिलंस, दोरी उपसलीस, त्याला बरोबर जागी लावून दिलंस, तो बोलायला लागेपर्यंत थांबलीस, आणि मग माझ्या पाठीत एक धपाटा. "माह्या आवाजात बोलू नको कधी. तो माणूस माह्या भरवशावर तिकडं उभा आहे. तू त्याले रिकाम्या खोलीत घंटी वाजवत ठेवलं." पुढे मी वक्तृत्वाच्या ढाली आणायला लागले तेव्हाही तुझं कौतुक असंच असायचं. "छान बोलली. समोरच्याचं ऐकते काय कधी?" मला राग यायचा. आजही येतो.

आता मावशी पडली त्या दिवसाबद्दल. मला सकाळी दहाला भंडाऱ्याला बोलायचं होतं. विषय होता वृद्धांचा सन्मान. हस, हसण्यासारखंच आहे. साडेसहाला गाडी निघाली. मावशीला सातला फोन करायचा मी विसरले. तिकडे ती सातपासून खाटेवर बसून होती. घंटी आली नाही. मग तिनं टिकली चाचपून आपला नंबर लावला. तिच्या कानात वाजली, बराच वेळ वाजत राहिली. तिला वाटलं मला काहीतरी झालं. शेजारच्या किराणा दुकानवाल्यांना सांगावं म्हणून ती काठी न घेताच उठली आणि ओट्याच्या पायरीवरून घसरली. डावं मनगट गेलं. सरपटत परत खाटेशी आली आणि उजव्या हातानं पुन्हा तोच नंबर. अकराच्या सुमारास दुकानवाली विरजण मागायला आली तेव्हा मावशी जमिनीवर बसलेली होती आणि फोन कानाला होता. त्या वेळी मी भंडाऱ्यात टाळ्या घेत होते.

दुकानवालीचा फोन आला आणि संध्याकाळी मी आष्टीला पोचले. हाताला प्लास्टर, पदर सावरत खाटेवर बसलेली. मला वाटलं रागावेल. तिनं आवाजाच्या दिशेनं तोंड केलं आणि म्हणाली, "जेवली काय?"

"किती वेळ लावत होतीस फोन?"

"कोण मोजते? वाजत होता तं लावून राह्यली होती. मले वाटलं, येईन आत्ता, न्हायले गेली असन. मंग वाटलं रागावली."

"कशाला रागावू मावशी?"

"म्या म्हटलं होतं न त्या दिवशी, तू लय बोलते म्हणून."

मी तिला सांगितलं की लाइनचा दोष आहे, कंपनीचा दोष आहे, नियमांचा दोष आहे. मी विसरले हेही सांगितलं. दुकानवाली म्हणाली, मॅडम, तुम्हाले किती कामं. मावशीला वर्ध्याला चल म्हटलं तर म्हणाली, "मी तिकडं आली तं सकाळी फोन कोणाले लावू?"

परत आल्यावर चौथी तक्रार केली. पर्यायी क्रमांक म्हणून माझा मोबाइल दिला. दोन दिवसांनी सकाळी एका मुलीचा फोन आला. यंत्र नव्हतं, खरी मुलगी. मराठी पुण्याकडची. तिनं तुझं पूर्ण नाव घेतलं, लग्नानंतरचं, माझ्या वडिलांच्या नावासकट, आणि विचारलं, "आपण स्वतः बोलताय का?"

मी किती सभांमधून खोट्याविरुद्ध बोलले असेन! क्षणभर तोंडात ते सगळं भाषण आलं. मग म्हणाले, "हो बाई, मीच बोलून राह्यली." तुझ्या आवाजात, आई. तसाच शेवटाला थोडा खाली जाणारा. तिनं जन्मतारीख विचारली, मी तुझी सांगितली. तिच्या पडद्यावर नव्वदीची म्हातारी दिसली असेल, कारण ती एकदम हळू आणि मोठ्यानं बोलायला लागली. "आजी, काळजी करू नका. तक्रारीचं तिकीट काढून देते." मी म्हटलं, "देजो माय." फोन ठेवायची वेळ आली तरी मला ठेवावासा वाटेना. सोळा वर्षांनी कोणीतरी तुला हाक मारत होतं आणि कोणीतरी ओ देत होतं.

दुसऱ्या दिवशी लाइनमन आला. कोपऱ्यावरच्या खांबाच्या डबीत पाणी शिरलं होतं. दहा मिनिटांचं काम. उतरून हात पुसत म्हणाला, "बाई, मले रस्त्यात जरी सांगतलं असतं तं करून देलं असतं. पण तिकिटाबिगर खांबाले हात लावता येत नाई आता. मोबाइलात दिसते साहेबाले, मी कुठं उभा आहो ते." मी त्याला पाणी दिलं, चहा दिला. भाषण दिलं नाही.

आज सकाळी सातला घंटी वाजली. "उठली काय वो?"

तेव्हा आता खरं सांगते. नाव बदलायचा अर्ज सोळा वर्षं माझ्या टेबलाच्या खणात आहे. तुझ्या दोन्ही लेकरांच्या, माझी आणि दादाची, दोनच सह्या लागत होत्या. लोकांना मी सांगते की हा अन्यायी नियमांशी लढा आहे. तसं काही नाही. त्या अर्जात एक ओळ आहे, मूळ ग्राहकाचे नाव कमी करण्यात यावे. तिच्याखाली सही करायला माझा हात गेला नाही, म्हणून मी सोळा वर्षं नियमाला शिव्या दिल्या. नियम वाईटच आहे, ते मी मागे घेत नाही. पण त्याच्या आड मी उभी होते. आता सही करीन, दादाकडेही पाठवीन. पुन्हा कोणाला तुझ्या आवाजात उत्तर द्यायला नको.

हे पत्र तुला पोचायचं नाही आणि मावशीला मी वाचून दाखवणार नाही. कारण अजून एक गोष्ट आहे, आणि ती तिला सांगायचा धीर मला नाही. त्या सकाळी मी विसरले नव्हते. सातला गाडी केळझरला होती. ड्रायव्हर म्हणाला, गणपतीचं दर्शन घेऊन येतो, आणि टेकडी चढून गेला. मी गाडीत एकटीच होते, दहा मिनिटं, फोन हातात. सात वाजलेले मी पाहिले. भाषणाचं शेवटचं वाक्य जमत नव्हतं. म्हटलं, हे एवढं जमलं की लावते.